डबल्सची जोडी घडवताना: सर्व्हिस, रोटेशन, उन्हाळ्यातलं शटल आणि गुडघे

छत्रपती संभाजीनगर असो, लातूर असो की परभणी, संध्याकाळी बॅडमिंटन हॉलमध्ये कोर्ट कमी आणि खेळणारे जास्त. त्यामुळे कोर्टावर चौघं उतरतात आणि डबल्स सगळेच खेळतात. शिकवलं मात्र सिंगल्सच जातं. लेकरू जिल्ह्याच्या सिंगल्समध्ये दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत अडकायला लागलं की मग कुणीतरी म्हणतं, ‘आता डबल्स बघ.’ तोवर सोळावं वर्ष उलटलेलं असतं, हाताला लांब रॅलीची सवय लागलेली असते आणि सर्व्हिसकडे कधी कुणी लक्ष दिलेलं नसतं. डबल्स हा वेगळा खेळ आहे. तो तेराव्या-चौदाव्या वर्षापासून वेगळा वेळ काढून शिकवावा लागतो.

जर्मनीत डबल्सवाल्याला मान आहे. का, ते तिथल्या क्लब लीगकडे पाहिलं की कळतं. बुंडेसलीगाच्या एका लढतीत सात सामने होतात. त्यात पुरुष दुहेरीचे दोन, महिला दुहेरीचा एक, मिश्र दुहेरीचा एक आणि उरलेले तीन एकेरीचे. सातांपैकी चार सामने दुहेरीचे असल्यामुळे चांगला डबल्स खेळाडू क्लबला हवाच असतो. जर्मन डबल्स खेळाडू मार्क लाम्सफुस याच व्यवस्थेत वाढला. जन्म १९९४ चा, गाव व्हिपरफ्युर्थ, क्लब शेजारच्या व्हिपरफेल्डचा. टोकियो ऑलिम्पिकला तो दोन प्रकारांत उतरला: मार्विन झायडेलबरोबर पुरुष दुहेरीत आणि इझाबेल हेर्ट्रिखबरोबर मिश्र दुहेरीत. एप्रिल २०२२ मध्ये माद्रिदला त्याने इझाबेलबरोबर, म्हणजे लग्नानंतरच्या इझाबेल लोहाउबरोबर, मिश्र दुहेरीचं युरोपियन विजेतेपद मिळवलं. तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता. सतराव्या वर्षी पोराचं भवितव्य ठरवून मोकळं होणाऱ्या पालकांनी हा आकडा ध्यानात ठेवावा. डबल्समध्ये सर्व्हिस, नेटजवळचा हात आणि जोडीदाराची सवय या गोष्टी वयाबरोबर मुरत जातात.

आपल्याकडच्या अनेकांना लाम्सफुसचं नाव कळलं ते पॅरिसमुळे. २०२४ च्या ऑलिम्पिकमध्ये लाम्सफुस-झायडेल ही जोडी भारताच्या सात्विक आणि चिराग यांच्याच गटात होती. लाम्सफुसच्या गुडघ्याने दगा दिला, जोडीने माघार घेतली, सात्विक-चिरागविरुद्धचा सामना रद्द झाला आणि गटातले त्या जोडीचे निकाल पुसले गेले. झायडेल धडधाकट होता, तरी त्याचंही ऑलिम्पिक तिथेच संपलं. म्हणून या लेखात गुडघ्यासाठी वेगळी जागा ठेवली आहे.

जोडी निवडताना

दोस्ती बघून जोडी लावू नका. एकाच रिक्षातून येणारे दोघं म्हणून जोडी, हे तर अजिबात नको. आधी दोघांचा हात बघा. एकाला नेटजवळ राहून शटल आधी दिसायला हवं, दुसऱ्याला मागून सलग तीन-चार स्मॅश मारता यायला हवेत. हे तपासायला सोपी रीत आहे. चौघा-पाच मुलांना आळीपाळीने प्रत्येक जोडीदाराबरोबर अकरा पॉइंटचा गेम खेळवा आणि फक्त एवढंच लिहून ठेवा: सर्व्हिसपासून पहिल्या चार फटक्यांत किती पॉइंट जिंकले, किती गमावले. मोठ्या रॅलीत कोण चमकलं ते तूर्त सोडून द्या. ज्या जोडीचा पहिल्या चार फटक्यांचा हिशोब चांगला, ती जोडी पुढे चालते.

दोघंही मागून मारणारे असले म्हणजे जोडी जमत नाही, असंही समजू नका. सात्विक आणि चिराग २०१६ मध्ये एकत्र आले तेव्हा दोघंही मागून मारणारेच होते. तान किम हेर या मलेशियन कोचने ती जोडी लावली आणि त्यातला एक जण पुढचा खेळ शिकला. तुमच्याकडे असे दोन दणकट मारणारे असतील तर ज्याचा बॅकहँड मऊ आहे आणि जो शटलकडे लवकर सरकतो, त्याला पुढे तयार करा. त्याला सहा महिने लागतील आणि त्या काळात जोडी हरेल. हे आधीच पालकांना सांगून ठेवा.

डावखुरा-उजवा अशी जोडी मिळाली तर सोनंच. पण मध्यातलं शटल कुणाचं, हे तिच्यात जास्त स्पष्ट ठरवावं लागतं. दोघं उजव्या हाताचे असतील तर मध्यातलं शटल डाव्या बाजूच्या खेळाडूचं, कारण तिथे त्याचा फोरहँड येतो. डावखुरा-उजवा जोडीत कधी दोघांचे फोरहँड मध्यात येतात, कधी दोघांचे बॅकहँड. फोरहँड मध्यात असतील तर दोन रॅकेटी एकमेकांवर आदळतात. बॅकहँड मध्यात असतील तर दोघंही सोडतात. नियम एकच ठेवा: आधीचा फटका ज्याने मारला, मध्यातलं पुढचं शटल त्याचं, कारण त्याचं शरीर आधीच त्या लयीत असतं. आणि तोंडाने बोला. ‘माझं’ आणि ‘सोड’ हे दोन शब्द पुरतात. लांबलचक वाक्यं बोलायला वेळ नसतो.

सर्व्हिस

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. डबल्समध्ये सर्व्हिस उंच गेली की रॅली सुरू होण्याआधीच संपते.

आधी नेट मोजा. नियमाने नेट खांबाजवळ १.५५ मीटर आणि मध्यावर १.५२४ मीटर, म्हणजे पाच फूट. गावोगावच्या हॉलमध्ये नेट मध्यावर चार-पाच सेंटिमीटर लोंबलेलं असतं. त्यावर रोज सर्व्हिस करणाऱ्या मुलाला वाटतं, आपली सर्व्हिस छान बसली आहे. स्पर्धेत ताठ नेट आलं की त्याचं प्रत्येक शटल पट्टीत अडकतं. सरावाआधी मध्यावर टेप लावून बघा, दोरी ताणा, खांबाचा तळ सरकत असेल तर वाळूचं पोतं ठेवा.

उभं राहायची जागा: मधल्या रेषेजवळ, पुढच्या सर्व्हिस लाइनच्या मागे पाच-दहा सेंटिमीटर. लाइनला पाय लागला तर फॉल्ट. शॉट बसेपर्यंत दोन्ही पायांचा काही भाग जमिनीला टेकलेला हवा. टाच उचलली तर चालते, पाऊल सरकलं तर नाही. बॅकहँड ग्रिप घ्या, अंगठा दांड्याच्या रुंद बाजूवर सपाट ठेवा आणि हात दांड्यावर थोडा वर सरकवा. शटल पिसाच्या टोकाला अंगठा आणि तर्जनीने धरा, बूच रॅकेटकडे ठेवा. शटल रॅकेटला लागतं तेव्हा पूर्ण शटल कोर्टापासून १.१५ मीटरच्या खाली हवं. हे कळण्यासाठी कडेला दोन काठ्यांना १.१५ मीटरवर दोरी बांधा, दोरीच्या रेषेत डोळा आणून बघा. उंच मुलांचं शटल हमखास वर जातं. त्यांना गुडघ्यात थोडं वाकायला शिकवा. शटल बोटांनी गरगर फिरवून सोडायची सर्व्हिस आता बंद आहे, त्यामुळे ती शिकवूच नका.

फटका ढकलायचा असतो, फेकायचा नसतो. मनगट जवळजवळ स्थिर ठेवून कोपरापासून दहा-पंधरा सेंटिमीटर पुढे. शटलची सर्वांत उंच जागा तुमच्या बाजूला, नेटच्या अलीकडे यायला हवी, म्हणजे नेट ओलांडताना ते खाली उतरत असतं. समोरच्याला मग वरून मारता येत नाही. शटल नेट ओलांडल्यावरही चढत असेल तर चूक बहुतेक वेळा एकच असते: शटल हातातून आधी सुटतं आणि रॅकेट त्याला खालून उचलते. शटल बोटांतून सुटणं आणि रॅकेट लागणं जवळपास एकाच क्षणी व्हायला हवं.

सराव असा. नेटच्या पट्टीपासून वीस सेंटिमीटर वर एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत सुतळी ताणा. समोरच्या कोर्टात सर्व्हिस लाइनच्या मागे तीस सेंटिमीटरवर खडूने रेष ओढा. पट्टी आणि सुतळीच्या मधून जाऊन सर्व्हिस लाइन आणि खडूच्या रेषेमध्ये पडलं, तरच एक मोजा. रोज शंभर सर्व्हिस: साठ मधल्या कोपऱ्यात, वीस बाहेरच्या कोपऱ्यात, वीस फ्लिक (म्हणजे अचानक उंच, मागे उडवलेली सर्व्हिस). सुरुवातीला शंभरात चाळीस बसतात. सत्तर बसायला लागल्या की सुतळी पाच सेंटिमीटर खाली घ्या. प्रत्येक सर्व्हिसच्या आधी रिकामा श्वास सोडायची सवय लावा, कारण मॅचमध्ये अठरा-अठरावर हात आखडतो आणि घट्ट ग्रिपमधूनच शटल वर उडतं.

फ्लिक दर आठ-दहा सर्व्हिसमागे एक पुरे. तिचा उद्देश पॉइंट मिळवणं नाही, समोरच्याला सर्व्हिस लाइनवरून दोन पावलं मागे उभं राहायला लावणं आहे. डबल्समध्ये मागची सर्व्हिस लाइन बेसलाइनच्या ७६ सेंटिमीटर अलीकडे असते. सिंगल्सच्या सवयीने मारलेली फ्लिक म्हणूनच बाहेर जाते.

रिसीव्ह आणि तिसरा फटका

रिसीव्ह करणाऱ्याने सर्व्हिस लाइनच्या मागे अर्ध्या मीटरच्या आत उभं राहायचं, डावा पाय पुढे (डावखुऱ्याने उजवा), रॅकेट नेटच्या पट्टीच्या उंचीवर समोर. मराठवाड्यातली बहुतेक मुलं दीड मीटर मागे उभी राहतात, कारण फ्लिकची भीती. मग शटल नेटच्या खाली आल्यावर घेतात आणि उचलतात. उचललं की स्मॅश खायचा. फ्लिकवर महिन्यात चार पॉइंट गेले तरी चालतील, पण पुढे उभं राहा.

शटल मारायची जागा ठरवूनच उभं राहायचं. तीन जागा चांगल्या. पहिली, सर्व्हिस करणाऱ्याच्या रॅकेटच्या बाजूच्या कमरेवर पुश. त्याला रॅकेट तिथे आणायला वेळ नसतो. दुसरी, सर्व्हिस करणारा आणि त्याचा मागचा जोडीदार यांच्या मधोमध, साइडलाइनजवळ अर्ध्या कोर्टात. तिथे दोघंही एकमेकांकडे बघतात. तिसरी, नेटलगत मधोमध ठेवलेलं शटल, पण ते तुमचं शटल नेटच्या पट्टीच्या वर लागलं तरच. मागच्या कोपऱ्यात जोरात ढकलायचा मोह टाळा. अंतर लांब असल्यामुळे मागच्याला पुरेसा वेळ मिळतो.

तिसरा फटका सर्व्हिस करणाऱ्या जोडीचा, आणि जोड्या सर्वांत जास्त इथे हरतात. सर्व्हिस केली की मुलगा शटलकडे बघत उभा राहतो, रॅकेट मांडीजवळ लोंबत असते. सर्व्हिस सुटताच रॅकेट छातीपुढे यायला हवी. सवय लावायला ‘तीन फटक्यांचा गेम’ ठेवा: सर्व्हिस, रिसीव्ह, तिसरा फटका, थांबा. तिसऱ्या फटक्यावर शटल कुणाच्या हातात खालून आलं, कुणाच्या वरून, एवढंच बघा. ज्याला खालून घ्यावं लागलं त्याच्या जोडीचा पॉइंट गेला. वीस मिनिटांत शंभरावर सर्व्हिस-रिसीव्हच्या संधी मिळतात, शटलही कमी तुटतात. कोर्ट कमी असणाऱ्या हॉलसाठी याहून चांगला सराव नाही, कारण अर्ध्या कोर्टावरही तो चालतो.

रोटेशन

आक्रमणात एक पुढे, एक मागे. बचावात दोघं बाजूबाजूला. हे सगळ्यांना पाठ असतं. गोंधळ होतो तो एकातून दुसऱ्यात जाताना.

पुढच्या खेळाडूने नेटला चिकटू नये. पुढची सर्व्हिस लाइन आणि मधली रेष जिथे मिळतात, त्याच्या अर्धा-पाऊण मीटर मागे उभं राहायचं. नेटला चिकटलेल्याच्या डोक्यावरून ड्राइव्ह (सपाट, वेगवान फटका) निघून जातो आणि मागच्याचा सगळा भार वाढतो. त्याने मागे वळून आपल्या जोडीदाराकडे बघायचं नाही. मागून काय येतंय ते समोरच्यांच्या रॅकेटवरून कळतं.

शटल आपण उचललं की ज्याने उचललं त्याने सरळ मागे, आपल्याच बाजूच्या मध्यावर यायचं आणि जोडीदाराने रिकाम्या बाजूला सरकायचं. इथे कुणी तिरकं पळायचं नाही. समोरून मऊ ड्रॉप किंवा ब्लॉक उंच आला की ज्याच्याकडे आला तो पुढे जातो आणि पुढेच राहतो. दुसरा आपोआप मागे. ‘मी पुढे गेलो, आता परत माझ्या जागी’ ही सिंगल्सची सवय आहे. डबल्समध्ये जागा कुणाची नसते. ड्राइव्ह मारून पुढे गेलेल्याने परत मागे येऊन मध्यात भोक पाडलं, की समोरच्यांना तिथेच पॉइंट मिळतो.

मागच्याने स्मॅश कुठे मारायचा? सरळ समोरच्या बचाव करणाऱ्याच्या रॅकेटच्या बाजूच्या नितंबावर किंवा दोघांच्या मध्यात. कोपऱ्यातून क्रॉस स्मॅश मारला की शटलला जास्त अंतर कापावं लागतं आणि ब्लॉक तुमच्या रिकाम्या बाजूला पडतो. सलग दोन-तीन पूर्ण ताकदीचे मारल्यावर एक सत्तर टक्के ताकदीचा किंवा ड्रॉप हवा, नाहीतर श्वास आणि तोल दोन्ही जातात. पोरांना दहाव्या स्मॅशवर शिट्ट्या मिळतात, पण तो मारून मागे पडलेला मुलगा अकराव्या शटलला पोचत नाही.

यासाठी दोन सराव पुरेत. ‘उचललं की हरलं’ हा गेम: सात पॉइंटचा, ज्याने नेटच्या वर उंच उचललं त्याचा पॉइंट गेला. मुलं आपोआप पुढे सरकतात आणि शटल सपाट ठेवतात. दुसरा, दोघं आक्रमणात आणि एक बचावात, कोच हाताने वीस शटल ओळीने फेकतो, पाच सेट, मध्ये एक-सव्वा मिनिट विश्रांती. त्यासाठी नवी शटल जाळू नका. दोन-तीन पिसं मोडलेली जुनी चालतात.

उन्हाळा, कोरडी हवा आणि शटल

मार्च ते जून दरम्यान आपल्याकडे शटल दोन बाजूंनी त्रास देतं. गरम हवा विरळ असते, त्यात शटलला अडवणारा जोर कमी पडतो आणि ते लांब जातं. शिवाय पठाराची उंची आहे. आणि हवा कोरडी असल्यामुळे पिसं ठिसूळ होतात. तिसऱ्या स्मॅशला पिसाची काडी तडकते.

वेग आधी मोजा. बेसलाइनवरून पूर्ण ताकदीचा अंडरआर्म फटका वरच्या दिशेने, साइडलाइनला समांतर मारा. शटल समोरच्या बेसलाइनच्या ५३ ते ९९ सेंटिमीटर अलीकडे पडलं तर वेग बरोबर. त्याच्या पुढे पडलं तर ते जास्त वेगवान. डब्यावर ७५, ७६, ७७ असे आकडे असतात. आकडा मोठा तितकं शटल वेगवान. चाळिशीच्या उन्हात ७५ किंवा ७६ घ्या, डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे ७७. दुकानदाराकडे एकच नंबर वर्षभर असतो. तीन-चार क्लबांनी मिळून मागणी दिली तर तो दुसरा मागवतो. नायलॉन शटलमध्ये योनेक्स मॅव्हिसच्या बुचावरची हिरवी पट्टी हळू शटलची, निळी मध्यम, लाल वेगवान. उन्हाळ्यात हिरवीच घ्या.

ठिसूळपणावर उपाय वाफेचा. चहाच्या भांड्यात पाणी उकळा, डब्याचं झाकण काढून पिसांचं टोक वाफेकडे येईल असा डबा आठ-दहा सेंटिमीटर वर धरा, दहा-बारा सेकंद. बुचाला वाफ लागू देऊ नका, डिंक सुटतो. झाकण लावून रात्रभर डबा उभा ठेवा, सकाळी वापरा. एवढं जमत नसेल तर पिसांच्या बाजूच्या झाकणात पिळून काढलेला ओला स्पंज एक दिवस ठेवा. जास्त वाफ दिली तर पिसं पसरतात, शटल हळू होतं आणि वाकडं फिरतं. पावसाळ्यात हे करू नका, हवेतच दमटपणा असतो. मॅचच्या शटलची पिसं टोकाला दुमडून वेग बदलायचा मात्र नाही. स्पर्धेत ते गैरवर्तनात धरतात.

हॉलमधली हवाही बघा. पंखे आणि वरच्या झडपा बंद केल्या तर उकडतं, उघड्या ठेवल्या तर शटल एका बाजूला ओढलं जातं. सरावाच्या वेळा पहाटे साडेपाच ते आठ ठेवल्या तर दोन्ही टळतं. रॅकेट दुपारी गाडीत किंवा मोटरसायकलच्या डिकीत ठेवू नका, तार सैल पडते. तारेचा ताण नवशिक्याला २२ ते २४ पौंड, हात तयार झालेल्याला २४ ते २६ पौंड पुरतात. २८ पौंडाची तार मागणारं पोर सर्व्हिसवर ताबा घालवतं आणि खांदा दुखवून घेतं.

गुडघे

आपल्या बऱ्याच हॉलमध्ये सिमेंट किंवा शहाबादी फरशीवर पातळ मॅट असते. डबल्समध्ये उड्या आणि आखूड थांबे जास्त, त्यामुळे गुडघ्याखालच्या पट्ट्यावर ताण येतो. कडक जमिनीवर जंप स्मॅशचा सराव आठवड्यात दोन दिवसांवर नेऊ नका. नॉन-मार्किंग, मऊ रबरी तळव्याचेच बूट वापरा. पळायचे उंच टाचेचे बूट घोटा मुरगळवतात.

खेळायच्या आधी बारा-पंधरा मिनिटं: हलकी धाव, बाजूची पावलं, सावकाश लंज (लांब पाऊल पुढे टाकून गुडघ्यात वाकणं), मग रॅकेटशिवाय सहा कोपऱ्यांची पावलं. लंजमध्ये टाच आधी टेकावी आणि गुडघा पावलाच्या बोटांच्या दिशेने राहावा. तो आत वळला की दुखणं सुरू होतं. आठवड्यातून तीनदा एका पायावर बसण्याच्या आठ-आठ उठाबशा प्रत्येकी तीन सेट, पोटऱ्यांसाठी पायरीवर टाच वर-खाली पंधरा-पंधराचे तीन सेट आणि खाली उतरताना मोजून तीन सेकंद. गुडघ्याच्या वाटीखाली एकाच जागी दुखतंय आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना जास्त दुखतंय, तर उड्या बंद करून डॉक्टरला दाखवा. गोळी घेऊन फायनल खेळू देऊ नका. जोडीतला एक बसला की दोघं बसतात.

उन्हाळ्यात सरावाआधी आणि नंतर वजन करा. एक किलो कमी झालं तर पुढच्या काही तासांत साधारण सव्वा ते दीड लिटर पाणी जायला हवं. त्यात एखादा लिटर ओआरएसचा.

स्पर्धा, रँकिंग आणि वेळेचा हिशोब

कागद आधी. बॅडमिंटन असोसिएशन ऑफ इंडियाचा खेळाडू क्रमांक जोडीतल्या दोघांचाही हवा. एकाचा क्रमांक नसेल तर जोडीची नोंद होत नाही. जन्माची नोंद उशिरा झालेली असेल तर वयोगटावर प्रश्न उठतात, म्हणून नगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा मूळ दाखला लवकर काढून ठेवा. जिल्हा संघटनेच्या स्पर्धेतून राज्याकडे जाता येतं. प्रवेशाची मुदत बहुधा स्पर्धेच्या बऱ्याच आधी संपते. जोडीचं नाव आदल्या आठवड्यात ठरवणाऱ्यांचं हमखास राहून जातं.

खर्च जिथे करायचा तो सरावाच्या लढतींवर करा. नांदेड, परभणी, लातूरकरांना पुण्यापेक्षा हैदराबाद जवळ पडतं. गोपीचंद अकादमीमुळे तिथे डबल्सचा दर्जा उंच आहे आणि देशाच्या जोड्याही तिथेच तयार होतात. दोन महिन्यांतून एकदा शनिवार-रविवार तिथल्या क्लबातल्या दोन-तीन जोड्यांशी खेळून आलं, तर घरच्या हॉलमध्ये न दिसणारी रिसीव्ह दिसते.

दहावी-बारावी हा मराठवाड्यातला मोठा अडथळा आहे. लातूरच्या क्लासेसचं वेळापत्रक पहाटेपासून रात्रीपर्यंत असतं आणि सतरा-अठराव्या वर्षी, म्हणजे जोडी तयार व्हायच्या ऐन वयात, रॅकेट कपाटात जाते. पूर्ण बंद करण्यापेक्षा त्या दोन वर्षांत आठवड्याला चार दिवस पन्नास मिनिटं ठेवा: पंधरा मिनिटं सर्व्हिस, वीस मिनिटं तीन फटक्यांचा गेम, पंधरा मिनिटं पायांचा व्यायाम. सामने कमी झाले तरी चालतील. हाताची सवय टिकली तर विसाव्या वर्षी परत येता येतं, आणि डबल्समध्ये विसावं वर्ष उशिराचं नाही.

पुढे आंतरराष्ट्रीय पातळीवर रँकिंग जोडीचं असतं. मागच्या ५२ आठवड्यांतले सर्वांत चांगले दहा निकाल धरतात. पायऱ्या खालून अशा: फ्युचर सिरीज, इंटरनॅशनल सिरीज, इंटरनॅशनल चॅलेंज, मग सुपर १०० पासून सुपर १००० पर्यंत. फ्युचर सिरीजच्या विजेत्याला १७००, इंटरनॅशनल सिरीजच्या २५००, इंटरनॅशनल चॅलेंजच्या ४००० गुण. म्हणजे एका चॅलेंजचं विजेतेपद दोन फ्युचर सिरीजच्या विजेतेपदांपेक्षा जास्त. पैसे मोजके असतील तर लहान स्पर्धांच्या मागे वर्षभर फिरण्यापेक्षा निवडून चॅलेंज खेळा, पण त्याआधी राष्ट्रीय स्पर्धेत पहिल्या आठांत सातत्य हवं. जोडीदार बदलला तर जुन्या जोडीचे गुण नव्या जोडीला लागू होत नाहीत. म्हणून जोडी तोडायचा निर्णय हंगामाच्या मध्यात, एका पराभवाच्या रागात घेऊ नका. हंगाम संपल्यावर पहिल्या चार फटक्यांची ती वही काढा, सहा महिन्यांचे आकडे शेजारीशेजारी लावा आणि दोघा खेळाडूंना एकत्र बसवूनच बोला.